उन्हाळ्याचे साठ दिवस कुणाचे?

परीक्षांचा हंगाम संपत आला की थेरगावात डांगे चौकाच्या आजूबाजूला फलकांचे पीक येते. एका फलकावर परदेशातील शिक्षणाचे मार्गदर्शन, दुसऱ्यावर जीआरई आणि आयईएलटीएसच्या उन्हाळी बॅच, तिसऱ्यावर क्रिकेटचे शिबिर, चौथ्यावर आठ आठवड्यांत आर्टिफिशियल इंटेलिजन्स. एका दिशेला हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या बसगाड्या जातात आणि पहाटेच्या अंधारात दुसऱ्या दिशेला चाकणच्या कारखान्यांच्या. कॉम्प्युटर शिकणारा आपल्या वस्तीतला मुलगा दोन महिन्यांची सुट्टी हातात घेऊन या दोन बसगाड्यांच्या मध्ये उभा असतो. तो कोणत्या बसमध्ये चढतो यावर त्याचे पुढचे आयुष्य बरेचसे ठरते. आणि ही निवड त्याची बुद्धी करत नाही, घरची परिस्थिती करते. हा विषय आज समाजबांधवांपुढे मांडणे आवश्यक वाटते.

सुट्टी म्हणजे मामाचे गाव, आंबे आणि विहिरीत पोहणे, असे ज्यांच्या मनात अजून आहे त्यांनी जरा जागे व्हावे. तसे पाहिले तर मामाच्या गावची ती विहीर आपल्या बापजाद्यांसाठी कधी खुली नव्हतीच. पण ज्यांच्यासाठी खुली होती, त्यांनीही आता पोहणे सोडून दिले आहे. त्यांची मुले एप्रिल ते जून या काळात जे कमावतात ते गुणपत्रिकेत कुठेच छापले जात नाही. नोकरीच्या मुलाखतीत मात्र तेच मोजले जाते.

एकाच कॉलेजात, एकाच बाकावर बसणारी दोन मुले डोळ्यांसमोर आणा. दोघांनी तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आहे, दोघांचे गुण जवळपास सारखे आहेत. पहिल्याचे काका हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. काकांनी एक फोन केला आणि त्याला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. पगार नाही, पण त्याला पगाराची गरजही नाही. सकाळी मैदानावर क्रिकेट, दिवसभर कंपनीत खरा कोड, संध्याकाळी जीआरईचा क्लास. मध्येच तीन आठवडे सिंगापूर किंवा लंडनच्या एखाद्या विद्यापीठाचा उन्हाळी वर्ग. फी बापाने भरली. दुसऱ्याचा बाप मराठवाड्यातून दुष्काळात आलेला, कंत्राटावर आयुष्य काढलेला. या मुलाला वस्तीतल्याच कुणीतरी चाकणला हेल्पर म्हणून लावून दिले. बारा तासांची ड्युटी, दोन महिन्यांचे जे काही पैसे मिळतील त्यातून पुढच्या वर्षाची फी आणि बहिणीची पुस्तके. तो घरी येतो तेव्हा त्याच्यात संगणकासमोर बसण्याचे त्राण उरलेले नसते. आणि संगणक तरी घरात कुठे असतो?

जुलैमध्ये दोघे पुन्हा एका बाकावर येतात. कॅम्पसला कंपनी येते. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, उन्हाळ्यात काय केले? पहिला अर्धा तास बोलतो. दुसरा खाली मान घालतो, कारण चाकणच्या लाइनवर आपण किती पेट्या उचलल्या हे सांगायची त्याला लाज वाटते. मग पहिल्याची निवड होते आणि वर्तमानपत्रात चर्चा झडते ती 'मेरिट'ची! वास्तविक पाहता बारा तास उभे राहून कष्ट करणारा आणि तरीही त्याच्याइतकेच गुण मिळवणारा हा दुसरा मुलगाच अधिक गुणवान नाही काय? परंतु त्याच्या गुणांची मोजपट्टी कुणाकडे नाही.

मुलीचा उन्हाळा तर याहून बिकट. सुट्टी लागली की आईबरोबर धुण्याभांड्यांची कामे, घरचा स्वयंपाक, आणि शेवटचे वर्ष जवळ आले की पाहुण्यांचे येणे-जाणे सुरू. 'पोरगी इंजिनिअर होणार' असे अभिमानाने सांगणारा बापही तिला दोन महिने दुसऱ्या शहरात प्रशिक्षणाला पाठवायला तयार होत नाही. सावित्रीमाईचे नाव घेणाऱ्या आपल्या घरांत हे घडते, हे कबूल केले पाहिजे.

आता कायद्याचे बोलू. भारतीय संविधानाच्या कलम १५(४) ने प्रवेशाचे दार उघडले, कलम १६(४) ने सरकारी नोकरीचे. कलम ४६ ने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली. ही दारे उघडली म्हणून आपली मुले कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या वर्गात पोहोचली. पण वर्ग सुटला, सुट्टी लागली, की संविधानाचा हात सुटतो. उन्हाळ्याला कोणतेही कलम लागू नाही. आणि पुढची नोकरी खासगी कंपनीत, जिथे आरक्षणच नाही!

पिंपरी-चिंचवडच्या कामगारांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. आयटीआय झालेला मुलगा कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून लागतो तेव्हा तो कुणाच्या मेहेरबानीने लागत नाही. अॅप्रेंटिस कायदा १९६१ सालचा आहे. त्यात विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. कामाच्या तासांचे, सुट्टीचे नियम आहेत. आणि कलम ३-अ प्रमाणे मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या आहेत, मग तो मालक खासगी का असेना! खासगी क्षेत्रात आरक्षण अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. १९७३ सालच्या दुरुस्तीने ते आले आणि त्याने देशाच्या उद्योगांचे काही बिघडले नाही. उलट टेल्को आणि बजाजच्या परिसरात आपली एक पिढी उभी राहिली ती अशाच प्रशिक्षणाच्या वाटेने.

मग प्रश्न असा पडतो की लेथ मशीनवर शिकणाऱ्या मुलाला जे संरक्षण आहे ते की-बोर्डवर शिकणाऱ्या मुलाला का नाही? 'अॅप्रेंटिस' हा शब्द बदलून 'इंटर्न' असा शब्द आला आणि शब्दाबरोबर कायदाच गळून पडला. सर्वसाधारणपणे इंटर्नला विद्यावेतनाचा हक्क नाही, जागांची जाहिरात नाही, निवडीचे निकष नाहीत, राखीव जागा तर दूरच. ओळख हाच निकष! आणि ओळख म्हणजे या देशात काय असते हे या दैनिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. इंटर्नशिप आता अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाचा भाग झाली आहे, तिला श्रेयांक आहेत. म्हणजे जी गोष्ट पदवीसाठी मोजली जाते ती मिळवून देण्याची जबाबदारी मात्र मुलाच्या काकांवर सोडून दिलेली आहे. ज्याला काका नाही त्याने काय करायचे?

हा आजचा प्रश्न वाटतो, पण आहे जुनाच. १९११ सालचा उन्हाळा आठवा. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला होता. त्या संघात पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला गोलंदाज होता. त्याने क्रिकेट कुठे शिकले? पुण्यात. आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोळवण्याचे काम, पगार महिना तीन रुपये. मग युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. फलंदाजी करायला मात्र कुणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघात घेतले, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हते. पण चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, पॅव्हेलियनच्या बाहेर! असा हा माणूस इंग्लंडच्या त्या एका उन्हाळ्यात ११४ बळी घेऊन आला. आणि तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते मिळायला त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यांना १९२३ साल उजाडावे लागले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हा इतिहास आहे. ते राजकारण बाजूला ठेवू. पण खेळपट्टी झाडणाऱ्या माणसाला एक उन्हाळा मोकळे मैदान मिळाले तर तो काय करू शकतो, याचा पुरावा त्याने पुण्याच्या मातीतून दिला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्या बदल्यात दहा वर्षे बडोदा सरकारची नोकरी करण्याचा करारनामा लिहून द्यावा लागला होता. इतर विद्यार्थी सुट्टीत गावोगाव हिंडत असताना बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसले. १९१५ मध्ये एम. ए., मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध आणि जूनमध्ये लंडनकडे प्रयाण. घरी रमाई कोणत्या हालात दिवस काढत होत्या ते आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्या तीन वर्षांतला एकही उन्हाळा त्या माणसाने वाया जाऊ दिला नाही. आज आपण जे काही आहोत ते त्या उन्हाळ्यांचे व्याज आहे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आपल्या भाषणांतून फारशी येत नाही. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि तीन महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. त्यात शिक्षणाविषयी त्यांनी स्पष्ट म्हटले की कला आणि कायदा या शाखांतील शिक्षणाने आपल्या लोकांचे फारसे भागणार नाही. त्यांना हवे आहे ते विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण. त्यासाठी वर्षाला दोन लाख रुपये देशातील विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांसाठी आणि एक लाख रुपये परदेशातील शिक्षणासाठी द्यावेत अशी त्यांची मागणी होती. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे सांगतो आहे! आमच्यासारख्या वकिलांनी ते ऐकून घ्यावे आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांनी ते भिंतीवर लिहून ठेवावे. बाबासाहेबांनी ऐंशी वर्षांपूर्वी तंत्रज्ञान आणि परदेश या दोन गोष्टी एकाच अर्जात मागितल्या होत्या.

आता आपल्या मुलासाठी कोणती दारे आहेत ते पाहू. काका नसला तरी काही दारे उघडी आहेत. ती दाखवणारा कुणी नाही ही खरी अडचण आहे. गुगल कंपनी २००५ पासून 'समर ऑफ कोड' नावाचा उपक्रम चालवते. मुक्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या जगभरच्या संस्थांसाठी उन्हाळ्यात घरी बसून काम करायचे, अनुभवी मार्गदर्शक मिळतो आणि काम पूर्ण केल्यावर मानधनही मिळते. त्यासाठी अमेरिकेला जावे लागत नाही, थेरगावच्या खोलीतून ते काम होते. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये, पण तयारी आदल्या दिवाळीपासून करावी लागते, कारण त्या संस्थांच्या कामात आधी थोडा हात घातलेला असेल तरच निवड होते. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येते. तिचेही अर्ज आदल्या हिवाळ्यात निघतात. आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग एनपीटीईएलवर २००३ पासून उपलब्ध आहेत. शिकणे फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तरच शुल्क. जर्मनीची डाड ही संस्था भारतीय मुलांना उन्हाळ्यात तिकडच्या प्रयोगशाळांत नेते, पण ती योजना आयआयटी, एनआयटीसारख्या ठरावीक संस्थांच्या मुलांसाठी. म्हणजे तिथेही उंबरठा आहेच. तरी बाकीची दारे काही कमी नाहीत.

पण दार उघडे असून भागत नाही. या कामाला लॅपटॉप लागतो, सलग चालणारे इंटरनेट लागते, इंग्रजीत अर्ज लिहिता यावा लागतो आणि अर्ज फेटाळला गेल्यावर 'पुन्हा कर' असे म्हणणारा मोठा भाऊ लागतो. हिंजवडीत काम करणारे आपले शेकडो मुलगे-मुली हे करू शकतात. ते कुठे आहेत? वाकड, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत फ्लॅट घेतला, दारावर आडनाव न लावता राहिले आणि वस्तीकडे पाठ फिरवली, असे त्यांच्यातील अनेकांचे झाले आहे. आडनाव लपवण्याची वेळ त्यांच्यावर का येते हे आम्हाला समजते. दोष त्या सोसायटीचा आहे. परंतु महिन्यातून दोन रविवार वस्तीतल्या चार मुलांना देण्याने कुणाचे आडनाव उघडे पडत नाही. बाबासाहेबांनी १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला शिकलेल्या लोकांविषयी जी खंत व्यक्त केली ती आपल्या घराला लागू होऊ नये, एवढे तरी प्रत्येकाने पाहावे.

खेळाचे काय? अनेक पालकांना वाटते की खेळ म्हणजे अभ्यासाचे नुकसान. थेरगावात राहून असे म्हणणे हास्यास्पद आहे. महानगरपालिकेच्या मैदानावर दिलीप वेंगसरकर यांची क्रिकेट अकादमी आपल्याच थेरगावात आहे. तिथे घडलेला ऋतुराज गायकवाड २०२१ च्या आयपीएलमध्ये ६३५ धावा करून सर्वांत पुढे राहिला आणि त्याच वर्षी भारताकडून खेळला. मैदान नागरिकांच्या पैशाने उभे राहिलेल्या पालिकेचे आहे. त्या नागरिकांत झाडूवाली बाई आणि कचरागाडीवरचा कामगारही येतो. त्यांच्या मुलांपैकी किती जण त्या कुंपणाच्या आत बॅट घेऊन गेले, हा प्रश्न पालिकेला विचारायला हरकत नाही. पालिकेच्या जागेवर चालणाऱ्या प्रत्येक क्रीडासंस्थेत पालिका शाळेतील मुलांसाठी उन्हाळी शिबिराच्या काही जागा विनाशुल्क असाव्यात, अशी रीतसर मागणी झाली पाहिजे.

कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला खेळ कशाला, असे कुणी म्हणेल. दिवसाचे दहा तास पडद्यासमोर बसणाऱ्याला शरीर सांभाळावे लागते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. आपला मुलगा वर्गात गप्प बसतो, प्रश्न विचारत नाही, मुलाखतीत नजर चुकवतो. ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती पुस्तक वाचून जात नाही. संघात खेळताना तो 'पास दे' म्हणून ओरडायला शिकतो, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर यायला शिकतो. मोठ्या शिक्षणसंस्थांतून आपली मुले एकटी पडून खचतात. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलाला आपण गमावले, ती जखम अजून ओली आहे. त्या मृत्यूला व्यवस्था जबाबदार आहे आणि मैदानावर जाऊन ती व्यवस्था बदलत नाही. पण पाठीशी दहा मित्रांचा संघ असलेला मुलगा एकटा पडत नाही, एवढे नक्की.

परदेशी शिक्षणाचा भाग हा वकील म्हणून आमच्या अधिक जवळचा, कारण तो बराचसा कागदांचा आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. आज तिच्या सगळ्या देशासाठी जागा किती? १२५. त्यातल्या अनुसूचित जातींसाठी ११५. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तिच्या जागा ७५. कोट्यवधींच्या समाजाला एवढ्याच जागा! त्यातही जुलै २०२५ मध्ये काय घडले? केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी पहिल्या ४० जणांनाच मंजुरीची पत्रे देण्यात आली आणि उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे देऊ असे सांगण्यात आले. परदेशातील विद्यापीठे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडतात. जुलैमध्ये 'पैसे आले तर देऊ' असे म्हणणे म्हणजे त्या मुलाला विमानतळाच्या दारात उभे करून तिकीट काढून घेण्यासारखे आहे. शिष्यवृत्ती ही भीक नाही. वेळेवर न मिळालेली शिष्यवृत्ती ही नाकारलेली शिष्यवृत्ती आहे, असे समजून आपण न्यायालयात आणि रस्त्यावर बोलले पाहिजे.

पण जिथे आपल्या हातात आहे तिथेही आपण उशीर करतो. विद्यापीठांचे अर्ज बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात. शिष्यवृत्त्यांचे अर्ज त्यानंतर उन्हाळ्याच्या सुमारास येतात. नेमक्या त्या वेळी तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लागते. जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यात असतो, केंद्राला केंद्राच्या नमुन्यात हवा असतो. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या, पण दाखल्यावरचा एक शब्द चुकला तरी अर्ज परत येतो. जात वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो पुरावा गावच्या शाळेत किंवा रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात पडलेला असतो. कारकून म्हणतो, साहेब सुट्टीवर आहेत. म्हणून सांगणे एवढेच की हे कागद मुलगा दुसऱ्या वर्षाला असतानाच्या उन्हाळ्यात जमवा. शेवटच्या वर्षी धावपळ करून काही हाती लागत नाही.

फलक लावून बसलेल्या दलालांपासून सावध राहा. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे खरे, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास रुपये, आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. दलाल पहिली गोष्ट सांगतो, दुसरी सांगत नाही. अमेरिकेने मे २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे काही आठवडे थांबवले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. 'तिकडे नोकरी लागली की कर्ज फिटेल' या हिशेबावर घर गहाण टाकणाऱ्या बापाने हे दोन निर्णय आधी समजून घ्यावेत. शिष्यवृत्तीने जा, अवश्य जा. कर्जाने जायचे असेल तर दहादा विचार करा.

आणि तिकडे जात नाही, या भ्रमातही राहू नका. ज्या माणसांनी इथून विमान पकडले त्यांनी बॅगेत जातही भरली होती. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने एका दलित अभियंत्याला जातीवरून भेदभाव सोसावा लागल्याच्या आरोपावरून सिस्को कंपनीवर दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले आणि दोन वरिष्ठांवरील दावा २०२३ मध्ये मागे घेण्यात आला. परंतु त्या प्रकरणाने जगाला विषय समजला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल हे जातिभेदाला कायद्याने बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक मात्र तेथील गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये परत पाठवले. तेव्हा आपल्या मुलाने तिकडे जाताना कोडिंगबरोबर आपल्या हक्कांची भाषाही शिकून जावी.

शासनाकडे आपल्या मागण्या स्वच्छ असाव्यात. अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची असेल तर ती मिळवून देणे कॉलेजवर सक्तीचे करा. सरकारी जमीन, स्वस्त वीज आणि करसवलती घेणाऱ्या आयटी कंपन्यांच्या इंटर्नशिपला अॅप्रेंटिस कायद्यासारखे विद्यावेतन आणि राखीव जागा लागू करा. परदेश शिष्यवृत्तीचे पत्र मे अखेरपर्यंत विद्यार्थ्याच्या हातात द्या.

मागण्या पूर्ण होईपर्यंत मात्र हातावर हात ठेवून बसता येणार नाही. उन्हाळा हा तर आपल्या चळवळीचाच मोसम आहे! ११ एप्रिलला जोतीराव फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब, वैशाखात बुद्धपौर्णिमा. वर्गणी याच काळात गोळा होते आणि तिचा मोठा वाटा डीजेच्या भिंतीत आणि रोषणाईत एका रात्रीत जळतो. वाजवू नका असे म्हणणे नाही. आनंदाचा दिवस आहे, नाचावे. पण एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात दोन चांगले लॅपटॉप येतात हा हिशेब मंडळाच्या खजिनदाराने एकदा करून पाहावा. जयंतीच्या निमित्ताने आपली मुले ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यास करतात. हा उपक्रम स्तुत्य आहे. पण बाबासाहेब अठरा तासांचा अभ्यास एकच दिवस करत नव्हते. एक दिवस जमते तर विहाराचे कुलूप साठ दिवस का उघडत नाही?

थेरगाव, काळेवाडी, वाकड परिसरातील मंडळांनी येत्या हिवाळ्यातच एक साधे काम हाती घ्यावे. वस्तीत कॉम्प्युटर शिकणारी मुले-मुली किती, याची यादी करावी. कुणाकडे लॅपटॉप नाही, कुणाचा दाखला अडला आहे, कुणाला सुट्टीत हेल्परचे काम केल्याशिवाय फी भरता येत नाही, हे नावापुढे लिहावे. ज्याला फीसाठी चाकणला जावे लागते त्याची दोन महिन्यांची मजुरी वर्गणीतून द्यावी आणि त्याला विहारात संगणकासमोर बसवावे. आयटीतल्या चार जणांनी रविवार द्यावा, दोन वकिलांनी कागद पाहावेत, एकाने पहाटे मुलांना मैदानावर न्यावे. एवढ्याने क्रांती होईल असा आमचा दावा नाही. पण पुढच्या जुलैमध्ये मुलाखतीला बसलेला आपला मुलगा 'उन्हाळ्यात काय केले?' या प्रश्नाला मान वर करून उत्तर देईल. ती यादी जयंती समितीच्या पहिल्या बैठकीत टेबलावर आली पाहिजे. वर्गणीचे पावतीपुस्तक त्यानंतर उघडावे.

जय भीम!